साकवाच्या अकरा उलट्या क्लिपा आणि दोन किलोमीटरचा झुलता पूल : मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आमचा साकव, म्हणजे पायी जायचा दोरांचा झुलता पूल, नेमका कुठल्या खात्याच्या वहीत आहे हे तीन कचेऱ्यांत विचारूनही कळलं नाही, म्हणून पत्राचा मायना नुसता ‘मंत्री महोदय’ असा. ज्यांचा असेल त्यांनी घ्यावं.

एप्रिलमध्ये आपण बंद साकवासमोर उभं राहून शब्द दिला होता, ‘गणपतीआधी चालू करतो.’ गणपती आले, गौरी जेवल्या, विसर्जनं झाली, परवा तुळशीचं लग्नही लागलं. साकवाच्या तोंडाशी आडवा ठोकलेला पत्रा आणि ‘धोकादायक पूल’ हा फलक दोन्ही जागच्या जागी आहेत. फलकावरचा ‘धो’ तेवढा पावसाने धुतला गेला. पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेला एकवीस किलोमीटरचा वळसा घेतात, दूध नासतं, बाळंतीण टेम्पोतून जाते. आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी आपण जाहीर केलंत की खाडीच्या मुखावर दोन किलोमीटरच्या एकाच गाळ्याचा (गाळा म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर), जगाने बघत राहावा असा झुलता पूल होणार.

अभिनंदन. फक्त माइकवरून आपण काय मागवून बसला आहात त्याची कल्पना असावी, म्हणून थोडा हिशोब.

भारतात आज मोटारी जाणारा मोठा झुलता पूल म्हणजे टिहरीच्या जलाशयावरचा डोबरा-चांठी. त्याचा झुलता गाळा 440 मीटरचा. काम रखडलं, आराखडा बदलला, आणि 2020 मध्ये तो खुला झाला तेव्हा सुरुवात होऊन चौदा वर्षं उलटली होती. जपानचा आकाशी काइक्यो 1991 मीटरचा, 1998 मध्ये खुला झाला, बांधायला दहा वर्षं लागली. तुर्कस्तानचा चनाक्कले पूल 2023 मीटरचा, मार्च 2022 मध्ये खुला. (तिथेही राजकारण आहेच. गाळा 2023 मीटर, कारण 2023 मध्ये त्यांच्या प्रजासत्ताकाची शंभरी. पण आकडा भाषणात आधी आला असला तरी तो पेलणारी केबल त्यांनी खरंच ओढली.) म्हणजे 440 वरून एकदम 2000. मधल्या पायऱ्या आपण गाळल्यात.

पाठकोऱ्या कागदावर मांडू. सहा पदरी पूल, केबलसकट मीटरला 25 टन वजन, गाळा 2000 मीटर, केबलचा झोल, म्हणजे मध्ये ती जितकी खाली लोंबते ते, 200 मीटर. केबलची आडवी ओढ म्हणजे वजन गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले झोलाची आठपट. उत्तर 62,500 टन. मनोऱ्याच्या डोक्याशी केबल तिरकी येते, तिथे ही ओढ 67,000 टनांच्या वर जाते. मनोरे बुटके करून खर्च वाचवायचा म्हणून झोल 160 मीटर केलात, तर आडवी ओढ 78,000 टनांवर चढते. या धंद्यात झोल लागतोच, पण तो केबलला. निविदेतल्या झोलाचा इथे उपयोग नाही.

आता ही ओढ धरणार कोण? दोन्ही काठांवर काँक्रीटचे ठोकळे, ज्यांना अँकरेज म्हणतात. खाली कातळ लागला आणि घर्षण वजनाच्या निम्मं मिळालं असं धरलं, सरकण्याविरुद्ध दीडपट सुरक्षा ठेवली आणि केबल ठोकळ्याला वर उचलते तेही मोजलं, तर एका काठाला सव्वादोन लाख टनांच्या आसपास वजन लागतं. काँक्रीट जवळजवळ 90,000 घनमीटर, म्हणजे सहा घनमीटरच्या मिक्सरच्या पंधरा हजार फेऱ्या, तेही एकाच काठाला. आणि आमच्या काठाला वर जांभा आहे, खाली कातळ, मध्ये कुठे काय ते भोकं पाडल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. खाडीच्या मुखाशी गाळ किती खोल आहे हे मच्छीमारांना ठाऊक आहे, आपल्या सल्लागारांना असेलच असं नाही. मातीची तपासणी झाली का, किती भोकं, किती खोल, हे विचारल्यावर ‘डीपीआरमध्ये (सविस्तर प्रकल्प अहवालात) येईल’ असं उत्तर मिळालं. म्हणजे घोषणा आधी, जमीन नंतर.

आणि केबल स्वतःचं ओझंही वाहते, हे भाषणात येत नाही. पोलादाचं वजन आणि त्याला द्यायचा ताण (चौरस मिलिमीटरला साधारण 80 किलो) बघितला तर हजार मीटरच्या गाळ्यात केबलच्या ताकदीचा आठवा हिस्सा स्वतःला उचलण्यात जातो, दोन हजारांत पाव हिस्सा, तेहतीसशेत चाळीस टक्क्यांहून जास्त. साडेसात किलोमीटरच्या आसपास केबल फक्त स्वतःलाच उचलेल, खाली सायकलसुद्धा नको. म्हणून आकाशीच्या वेळी जपान्यांनी आधी तारेचं पोलाद बदललं. चौरस मिलिमीटरला 160 किलो सोसणारी तार असायची, ती 180 वर नेली. नाहीतर एकेका बाजूला दोन-दोन केबल टाकाव्या लागल्या असत्या. तरीही एका केबलमध्ये 5.23 मिलिमीटरच्या 36,830 तारा आहेत, 127 तारांची एक अशा 290 जुड्या, आणि केबलचा व्यास 1.12 मीटर. या जुड्यांचा झोल रात्री जुळवतात. दिवसा उन्हाने एक जुडी तापते, दुसरी सावलीत राहते, आणि दोन किलोमीटरच्या गाळ्यात दहा अंशांच्या फरकाने झोल अर्धा मीटर इकडेतिकडे होतो. हे काम रात्री बारा ते पहाट, महिनोनमहिने, एकेका जुडीवर. आपल्याकडे रात्री बारानंतर साइटवर फक्त वॉचमन असतो.

वाऱ्याचं तर विचारूच नका. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल 7 नोव्हेंबर 1940 ला पडला तेव्हा वारा ताशी 70 किलोमीटरच्याही आतच होता. गाळा 853 मीटर, रुंदी जेमतेम 12, कडेच्या तुळया 2.4 मीटर उंचीच्या, सपाट भिंतीसारख्या. वजन पेलायला पूल पुरेसा होता, पण पीळ सोसायला नव्हता. पूलपट्टी, म्हणजे ज्यावरून गाड्या जातात तो भाग, एकदा पिळायला लागली की तिच्या हालण्यातूनच वारा तिला आणखी पीळ देतो, आणि मग वारा वाढायची गरजच उरत नाही. तेव्हापासून दोन वाटा निघाल्या. एक, खोल जाळीदार सांगाडा, जसा आकाशीत. दुसरी, विमानाच्या पंखासारखी बंद पेटी, जशी ब्रिटनमधल्या 1966 च्या सेव्हर्न पुलात. गाळा आणखी वाढला तेव्हा पेटी दुभंगून मध्ये फट ठेवली, म्हणजे वरचा आणि खालचा दाब तिथून सुटतो. चनाक्कलेला ही फट नऊ मीटरची आहे. आकाशीसाठी तर शंभरास एक प्रमाणात अख्खा पूल उभा करून त्सुकुबाच्या भव्य बोगद्यात वारा सोडून बघितला गेला.

आणि हे सगळं करूनही एक फालतू चूक पुरते. चीनमधल्या हूमेन पुलावर 5 मे 2020 ला काय झालं ते बघा. 888 मीटरचा गाळा, 1997 पासून उभा, वादळबिदळ काही नाही, आणि पूल लाटेसारखा हलायला लागला. कारण काय, तर दुरुस्तीच्या कामासाठी कडेला ओळीने पाणी भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे लावले होते. वाऱ्याला फोडणारी कड त्यांनी बोथट केली. वाहतूक थांबवून अडथळे काढावे लागले. आपल्या राज्यातल्या पुलांच्या कठड्यांवर कायकाय बांधलेलं असतं? निवडून आल्याचे, वाढदिवसाचे, आणि त्याच पुलाच्या उद्घाटनाचे फ्लेक्स. एका बाजूला दोनशे मीटर फ्लेक्स लावला की बोगद्यातली ती चाचणी केली काय नि नाही केली काय.

आयएस 875 या भारतीय मानकात मुंबईला मूळ वारा सेकंदाला 44 मीटर धरतात, तोही जमिनीपासून दहा मीटरवर. खाडीच्या मुखाशी साठ-सत्तर मीटरवरचा वारा वेगळा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं तेव्हा माडांनी माना टाकल्या होत्या, तो वारा मोजणारा मनोरा आपल्या मुखावर होता का? किमान दोन पावसाळे तरी तिथे मोजणी करायला हवी. मोजणीला नारळ फोडता येत नाही ही अडचण समजू शकते.

आता मुख्य दुखणं. झुलता पूल पडतो तो बहुतेकदा आतून, हळूहळू, आणि बाहेरून रंग चांगला दिसत असताना.

स्कॉटलंडचा फोर्थ रोड ब्रिज 1964 चा, गाळा 1006 मीटर. केबलवर लेप, त्यावर तारेचा वेढा, त्यावर रंग. चाळीस वर्षांनी, 2004 मध्ये, पहिल्यांदा वेढा उघडून तारांमध्ये पाचरी ठोकल्या आणि आत बघितलं. तुटलेल्या तारा, गंज, आणि ताकद आठ ते दहा टक्क्यांनी घटलेली. पाचर ठोकायची म्हणजे घड्याळाच्या आकड्यांसारखी केबलच्या परिघावर आठ ठिकाणी, मध्यापर्यंत, आणि प्रत्येक फटीतल्या तारांना इयत्ता द्यायची. पहिली, जस्तावर पांढरे ठिपके. दुसरी, जस्त सगळं पांढरं. तिसरी, तांबूस गंज तीस टक्क्यांपर्यंत. चौथी, त्याहून जास्त. चौथीतल्या तारांत चिरा सापडतात. उपाय म्हणून तिथे केबलमध्ये कोरडी हवा सोडली आणि तार तुटल्याचा आवाज टिपणारे कान बसवले. आकाशीला ही कोरडी हवा पहिल्या दिवसापासून आहे. आतली आर्द्रता साठ टक्क्यांखाली राहिली की पोलाद फारसं गंजत नाही.

आमच्याकडे जुलैत बाहेरची आर्द्रता नव्वदच्या वर असते. म्हणजे ही यंत्रं चोवीस तास, बारा महिने चालली पाहिजेत. वीज? गौरीच्या दिवशी सात तास नव्हती. जनरेटर? डिझेलचं बिल कोण पास करणार? पहिली तीन वर्षं कंत्राटदार, ठीक आहे. त्यानंतर नव्वद-शंभर वर्षं?

आणि फोर्थवर केबल सांभाळली म्हणून सगळं निभावलं नाही. डिसेंबर 2015 मध्ये मनोऱ्याजवळच्या सांध्यातली एक पिन जाम झाल्यामुळे, जो भाग फिरायला हवा होता तो वाकायला लागला आणि चिरला. तीन आठवडे पूल बंद. पण ती चीर दिसली, कारण तिथे रोज बघणारी माणसं पगारावर होती. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज 1967 मध्ये एका साखळीच्या डोळ्यातल्या अडीच मिलिमीटरच्या चिरेने पडला, 46 माणसं गेली. ती चीर जिथे होती तिथे बघायची सोयच नव्हती. इंडोनेशियातला कुताई पूल 2011 मध्ये पडला तो दुरुस्ती चालू असताना, वय फक्त दहा वर्षं, पूलपट्टी जॅकने उचलताना हँगरची, म्हणजे तिला केबलला टांगणाऱ्या उभ्या दोराची, पकड सुटली. दुरुस्तीसुद्धा येणाऱ्याने करायची असते.

मोरबी तर आपल्या शेजारचं. 30 ऑक्टोबर 2022, 135 माणसं. विशेष तपास पथकाला काय सापडलं? मुख्य केबलच्या 49 तारांपैकी 22 आधीच गंजून गेलेल्या. जुन्या हँगरना नवे तुकडे वेल्ड करून जोडलेले. लाकडी फळ्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची जड जमीन. आणि हे सगळं ‘नूतनीकरण’ म्हणून, चार दिवसांपूर्वी खुलं केलेलं.

आता आमच्या साकवाकडे या. गाळा 84 मीटर, रुंदी 1.2, दोन्ही बाजूंना 26 मिलिमीटरचे दोन-दोन दोर. चार वर्षांपूर्वी ‘सुशोभीकरण’ झालं. सागाच्या फळ्यांवरच सहा मिलिमीटरचा नक्षीचा पत्रा अंथरला. चौरस मीटरला पन्नास किलो, म्हणजे पाच टन. झोल सात मीटरचा, तेव्हा दोरांतली ओढ साडेसात टनांनी वाढली. दोर तेच. पत्र्याखाली पाणी साठून फळ्या कुजल्या ते वेगळं. पाच टन वाढवायला सहीची गरज पडली नाही. बंद ठेवायला मात्र तीन सह्या लागल्या.

दोराच्या टोकांना यू-क्लिपा असतात. दोर कडीभोवती वळवायचा, लांब बाजू ओढ घेते, आखूड बाजू म्हणजे शेपूट. क्लिपचा खोबणीचा भाग ओढ घेणाऱ्या दोरावर बसला पाहिजे आणि वाकडा बोल्ट शेपटावर. उलट बसवली तर बोल्ट ओढीच्याच दोराला चावतो, तारा चेपतात, जोडाची ताकद निम्म्यावर येऊ शकते. या जाडीच्या दोराला एका टोकाला निदान पाच क्लिपा, एकमेकींपासून दोराच्या जाडीच्या सहापट अंतरावर, म्हणजे पंधरा-सोळा सेंटिमीटर. भार आल्यावर दोर बारीक होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायच्या. आठ टोकं, चाळीस क्लिपा हव्यात. आहेत चोवीस. त्यातल्या अकरा उलट्या. हे सांगायला सल्लागार नको, पत्र्याच्या बाजूने मान वाकवून बघितलं की दिसतं. सगळ्यांवर चंदेरी रंग मात्र एकसारखा मारलाय, ग्रीसवरच. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही.

खालून नदीच्या दोन्ही काठांना ताणलेले वारादोर होते, साकव आडवा झुलू नये म्हणून. होड्यांना अडतात म्हणून कापले, परत बांधले नाहीत. आणि अँकरच्या सळ्या काँक्रीटमधून जिथे बाहेर येतात तिथे भराव टाकून वर फरशी बसवली. सळई गंजते ती नेमकी तिथेच, जिथे माती, हवा आणि खारं पाणी एकत्र भेटतात, आणि तीच जागा झाकली. वर बाकडं आहे. बाकड्यावर नाव आहे, कोणाचं ते आपल्याला ठाऊक आहे.

फलकावर लिहिलंय, ‘एका वेळी 20 पेक्षा जास्त व्यक्ती नकोत.’ वीस माणसं म्हणजे दीड टन. पादचारी पुलाला गर्दीचे चौरस मीटरला 400 किलो धरले, तर या साकवावर 40 टन. चाळीस टनांचा साकव दीड टनावर आणून ठेवला आणि त्याचा फलक लावला, याला आपल्याकडे उपाययोजना म्हणतात. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल 15 जून 2025 ला पडला, तिथेही धोक्याचा फलक होताच. चार जण गेले. लगेच राज्यभर पुलांच्या तपासणीचं फर्मान. आमच्या साकवाची तपासणी झाली म्हणतात, अहवाल आहे म्हणतात, दाखवत मात्र नाहीत. अहवाल काय लष्करी गुपित आहे?

तुम्ही म्हणाल पैसा नाही. सावित्री पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री दोन एसट्या घेऊन वाहून गेला, त्यानंतर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे पैसाही आहे, माणसंही आहेत, वेगही आहे. फक्त आधी कोणीतरी वाहून जावं लागतं. नव्या बांधकामाला लेखाशीर्ष आहे, त्यात टक्के आहेत, फीत आहे. देखभालीला उरलंसुरलं. कनिष्ठ अभियंत्याकडे चार-चार टेबलांचा चार्ज, गाडीला डिझेल नाही, आणि निविदा सर्वात कमी दराला. कमी दराचा माणूस पाचच्या जागी तीन क्लिपा नाही लावणार तर काय करणार? जो अभियंता ‘हे चुकतंय’ म्हणून लिहितो त्याची बदली होते, जो गप्प बसतो त्याला बढती. या कारखान्यातून दोन किलोमीटरची केबल काढणार तुम्ही?

इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीवर 3300 मीटरचा पूल बांधायचा म्हणून 1981 पासून कंपनी आहे. सरकारं आली, गेली, कंपनी मोडली, पुन्हा उभी केली. ऑगस्ट 2025 मध्ये साडेतेरा अब्ज युरोंच्या खर्चाला मंजुरी दिली, तर ऑक्टोबरात त्यांच्या लेखा न्यायालयाने निर्णयाची नोंद करायलाच नकार दिला. पूल होवो न होवो, पण विचारणारं कोणी तरी आहे. आमच्याकडे विचारलं की ‘विकासविरोधी’.

मागणं थोडं आहे. साकवावरचा नक्षीचा पत्रा आणि खालच्या कुजक्या फळ्या काढा, नवीन फळ्या टाका. चाळीसच्या चाळीस क्लिपा नव्या, सरळ बाजूने. बाकडं उचला, फरशी फोडा, अँकरच्या सळ्या मीटरभर खाली उघड्या करून जाडी मोजा. वारादोर परत बांधा, भरतीलाही होडीला वाट राहील असे. मग वाळूच्या पोत्यांनी टप्प्याटप्प्याने भार देऊन झोल मोजा, भार काढल्यावर तो परत येतो का बघा, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. दोर बदलायचा ठरला तर तसं लिहून द्या.

आणि मोठ्या पुलाच्या भूमिपूजनाआधी चार कागद जाहीर करा : भोकांचे नकाशे, दोन पावसाळ्यांची वाऱ्याची मोजणी, बोगद्यातल्या चाचणीचा अहवाल, आणि पूल खुला झाल्यावर केबल सांभाळणाऱ्या कायम माणसांची पदं, पगार कुठल्या लेखाशीर्षातून ते धरून. चौथा कागद नसेल तर पहिले तीन छापू नका.

आपला,
पलीकडच्या तीरावरचा एक मतदार

ता. क. : अँकर खणायला माणसं पाठवाल तर भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाठवा. उधाणाला डाव्या बाजूच्या खड्ड्यात कमरेएवढं पाणी भरतं. आणि क्लिपांच्या नटांना 30 चा पाना लागतो, गेल्या वेळी आलेल्यांकडे नव्हता.